सौरपंप दिलेत, आता भूजलाचं काय ते सांगा : जलसंपत्ती नियमन प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण,
कफ परेड, मुंबई

प्रत माहितीसाठी : ऊर्जा विभाग, महावितरण, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, पुणे

विषय : सौर कृषिपंप आणि मराठवाड्यातला भूजल उपसा

महोदय,

माझ्या शेतात तीन अश्वशक्तीचा सौरपंप आहे. माझ्या वाट्याची दहा टक्के रक्कम मी भरली, बाकीची सरकारने. पाच वर्षं दुरुस्तीची हमी आहे, विमा आहे, बिल येत नाही. पंपाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तो उत्तम चालतो, आणि मला काळजी वाटते ती त्यामुळेच.

पंप महावितरणने दिला, मग पत्र आपल्याला का, असं कुणी विचारेल. धरणातलं पाणी कुणाला किती, यावरचे आपले आदेश पेपरात येतात. जायकवाडीत वरच्या धरणांतून पाणी सोडण्याच्या २०१४ च्या आदेशामुळे आपलं नाव आमच्याकडे पारावरही माहीत आहे. पण महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ नुसार जमिनीखालच्या पाण्याचं राज्य प्राधिकरणही आपणच आहात, हे आमच्या तालुक्यात विचारलं तर बोटावर मोजण्याइतक्या लोकांना सांगता येईल. धरणाच्या पाण्यावर सुनावण्या होतात, वकील उभे राहतात. आमच्या भागातली बहुतेक शेती मात्र विहिरी-बोअरवर आहे आणि त्या पाण्याची सुनावणी कुठे झाल्याचं मला आठवत नाही.

शहरातल्या वाचकांसाठी थोडं मागचं सांगतो. शेतीची लाईट आमच्याकडे एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी पाळीने यायची. रात्रीच्या पाळीला बॅटरी घेऊन बांधावर जायचं, पाणी धरायचं, पायाखाली साप आहे की पाइप ते देवाच्या भरवशावर. दाब कमी असला की मोटार नुसती घुंई करायची. डीपी जळाली की गावात वर्गणी काढायची आणि वाट बघायची, तोवर हरभरा माना टाकायचा. सौरपंपाने तो छळ संपवला. ज्यांचे कनेक्शनसाठी पैसे भरून वर्षं गेली होती त्यांनाही पाणी मिळालं. हे काम लहान नाही आणि ज्यांनी केलं त्यांना श्रेय द्यायला माझी ना नाही.

पण त्या सगळ्या गैरसोयींनी मिळून उपशावर एक मर्यादा घालून ठेवली होती. कुणी ठरवून घातलेली नव्हती, न्याय्य तर मुळीच नव्हती. डिझेल परवडणारा तिच्यातून सुटायचा, बाकीचे अडकायचे. तरी ती होती. सौरपंपाने ती उठली आणि तिच्या जागी दुसरी कुठलीच आली नाही. ज्यांच्याकडे जुने वीजपंप आहेत त्यांनाही एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंत बिल माफ आहे. म्हणजे पंप चालवला काय, बंद ठेवला काय, खिशाला फरक शून्य. आणि ऊन सर्वांत कडक असतं ते मार्च ते मे. विहिरीचं पाणी तळाला जातं त्याच महिन्यांत पंप सगळ्यात जोरात चालतो.

आता एक हिशेब मांडतो. तो माझा आहे, चूक असेल तर आपल्या तज्ज्ञांनी दुरुस्त करावा.

‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेच्या नियमाप्रमाणे अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच, त्याहून जास्त असेल तर साडेसात. अडीच एकर म्हणजे एक हेक्टर. सुमारे ५० मीटर खोलीवरून हा पंप चांगल्या उन्हाच्या दिवशी ४० हजार लिटर पाणी सहज वर आणतो. एक हेक्टरवर पसरलं तर ते चार मिलिमीटर होतं. ज्वारी-हरभऱ्याची रोजची तहान जवळपास तेवढीच, म्हणून पंपाच्या आकारात मला दोष दिसत नाही. दोष त्याच्या खाली आहे. आमच्याकडे सरासरी सातशे मिलिमीटर पाऊस धरा. बेसॉल्टच्या भागात पावसातलं जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास पाणी खडकात मुरतं असं भूजल मोजणारेच धरतात. म्हणजे सत्तर मिलिमीटर. एका हेक्टरवर ते झालं सात लाख लिटर. भागिले ४० हजार. साडेसतरा दिवस.

माझ्या स्वतःच्या जमिनीवर पडलेल्या पावसातून वर्षभरात जे पाणी खाली जातं, ते माझा पंप अठरा दिवसांच्या आत वर आणतो. एकोणिसाव्या दिवसापासून मी जे उपसतो ते माळाचं असतं, गायरानाचं असतं, ज्याच्याकडे विहीर नाही त्या शेजाऱ्याचं असतं. गावात दहा पंप होते तेव्हा हे खपून जायचं, कारण उरलेल्या शिवाराचं पाणी दहा जणांना पुरत होतं. आता मागेल त्याला पंप आहे. २०२४ च्या अर्थसंकल्पात ८ लाख ५० हजार पंपांची घोषणा झाली. पुढे एका महिन्यात ४५ हजारांवर पंप बसवल्याचा जागतिक विक्रमही राज्याच्या नावावर लागला. आनंद आहे. त्याच महिन्यात भूजलाच्या किती निरीक्षण विहिरी नव्या खोदल्या, हेही कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

खडकाबद्दल चार शब्द, कारण मुंबईत बसून तो दिसत नाही. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे सच्छिद्र खडक, त्याखाली काळा पाषाण. पाणी असतं ते मुरमात आणि मांजऱ्याच्या भेगांत. पाषाणात फट सापडली तर नशीब, आणि त्या फटीतलं पाणी कधी मुरलेलं आहे ते कुणालाच माहीत नसतं. गंगेच्या खोऱ्यातल्या गाळासारखा हा साठा नव्हे. म्हणून कायद्याने शेतीसाठी आणि उद्योगासाठी ६० मीटरच्या खाली बोअर घ्यायला मनाई केली आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. आपण एकदा उन्हाळ्यात कुठल्याही तालुक्याच्या रस्त्याला उभे राहा. तमिळनाडूच्या नंबरप्लेटच्या बोअरच्या गाड्या एकामागून एक जाताना दिसतील. त्यांना दोनशे फुटांवर थांबायला सांगा. हसतील. सहाशे, आठशे फूट ही आता बोलण्यातली रोजची गोष्ट झाली आहे. कायदा १ जून २०१४ पासून लागू आहे.

त्याच कायद्यात विहिरींची नोंदणी आहे, पाणलोट क्षेत्राची समिती आहे, पाणी पाहून पिकांचा आराखडा आहे. सगळं वाचलं की बरं वाटतं. आमच्या शिवारात यातलं काही उतरलेलं मी पाहिलेलं नाही. सौरपंपाचा अर्ज भरताना सातबाऱ्यावर विहिरीची किंवा बोअरची नोंद आहे का एवढंच बघतात. तिच्यात किती पाणी आहे, शेजारी किती विहिरी आहेत, गावाच्या पिण्याच्या विहिरीपासून ती किती लांब आहे, हे विचारत नाहीत. विहीर डार्क झोनमध्ये, म्हणजे उपसा मर्यादेबाहेर गेलेल्या भागात, असेल तर भूजल विभागाचा दाखला लागतो, हे खरं. पण डार्क झोन ठरतो तो मोठ्या क्षेत्राच्या सरासरीने. राज्याची सरासरी काढली तर उपसा पुनर्भरणाच्या निम्म्याहून थोडा जास्त निघतो आणि महाराष्ट्र सुखरूप दिसतो. त्या सरासरीत कोकणही आहे, धो धो पावसाचं. तालुक्याच्या सरासरीतही नदीकाठचं गाव आणि माथ्यावरचं गाव एकत्र कालवलं जातं. माथ्यावरच्या गावाला मार्चमध्येच टँकर लागतो आणि कागदावर तालुका सुरक्षित.

यात सरकारची एकच योजना नाही. २०१६ पासून मागेल त्याला शेततळं, मनरेगातून मागेल त्याला विहीर, आता मागेल त्याला सौरपंप. शेततळ्याची कल्पना पावसाचं वाहून जाणारं पाणी धरण्याची होती. आमच्याकडे कित्येक ठिकाणी प्लास्टिकचा कागद अंथरून बोअरच्या पाण्याने तळं भरतात आणि ते उन्हात ठेवतात. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वर काढून त्याची वाफ करायची, आणि आता त्यासाठी लागणारी वीजही उन्हाचीच. विहीर रोजगार हमीची, तळं कृषी विभागाचं, पंप महावितरणचा, पाणी मोजणारी यंत्रणा पाणीपुरवठा विभागाची. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं.

हवामानाचं तर विचारूच नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. आमच्या बेसॉल्टला पाणी हळूहळू पाजावं लागतं. चार दिवसांत महिन्याचा पाऊस पडला तर तो नाल्याने निघून जातो, जाताना माती नेतो. २०२३ ला पावसाने ताण दिला, सप्टेंबर २०२५ मध्ये सीना-मांजराकाठी पूर आला, उभी पिकं आणि जनावरं गेली. पुराच्या वर्षी विहीर भरलेली दिसते म्हणून लोक ऊस लावतात. ऊस पुढच्या उन्हाळ्यातही पाणी मागतो.

कुणी म्हणेल, मग काय कोळशाकडे परत जायचं? मुळीच नाही. कोळशाच्या विजेला पाणी किती लागतं ते आम्हा परळीकडच्या लोकांना कुणी शिकवू नये. केंद्राच्या २०१५ च्या अधिसूचनेनुसार जुन्या औष्णिक केंद्राला एका मेगावॅट-तासामागे साडेतीन घनमीटरपर्यंत पाण्याची मुभा आहे, म्हणजे घरातल्या मीटरच्या एका युनिटला साडेतीन लिटर. पाणी नाही म्हणून २०१३ ला आणि पुन्हा २०१५ ला परळीचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं. पुढच्याच वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आलं. त्या मानाने सौर पॅनेल पुसायला लागणारं पाणी किरकोळ आहे. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सौर कृषी वाहिनीचा प्रकल्प सुरू झाला, तशा प्रकल्पांनी कोळशाबरोबर पाणीही वाचतं. हरित हायड्रोजनला पाणी फार लागेल अशी भीती परवा एका सभेत ऐकली. राज्याच्या २०२३ च्या धोरणातलं वर्षाला पाच लाख टनांचं उद्दिष्ट घेऊन, किलोला सगळं मिळून तीस लिटर धरून आकडेमोड केली. अर्धा टीएमसी. जायकवाडीचा उपयुक्त साठा ७६ टीएमसीच्या वर आहे. प्रकल्प कोरड्या तालुक्यात टाकू नका म्हणजे झालं, त्यासाठी झोप उडवून घेण्याची गरज नाही.

सह्याद्रीत पाणी वर चढवून वीज साठवणारे जे प्रकल्प येत आहेत, त्यांचं पाणी तेच ते फिरत राहतं, घाटघरला ते आपण पाहतोच. तिथे पहिल्या भरण्याचं आणि दर वर्षीच्या बाष्पीभवनाचं पाणी कुणाच्या वाट्यातून जाणार आणि दुष्काळी वर्षी आधी कुणाचा नंबर, एवढं आपण लेखी ठरवून द्या. तो विषय निदान आपल्या टेबलावर येतो. सौरपंप येत नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो.

सौरपंपाच्या कंट्रोलरमध्ये सिमकार्ड असतं. पंप आज किती वेळ चालला, किती वीज झाली, साधारण किती पाणी निघालं, ही माहिती त्यातून रोज पाठवली जाते. पंप बिघडला तर पुरवठादाराला कळावं म्हणून ती सोय आहे. पण जरा विचार करा. शेतीपंपांचा वापर आजवर अश्वशक्तीवरून अंदाजाने धरला. कित्येक मोटारींना मीटर नव्हतं, आकडे टाकून चालणाऱ्यांचा तर हिशेबच नाही. भूजलाचा उपसा किती, हे आपण विहिरींची संख्या आणि पीकपाणी यांवरून तर्काने काढत आलो. आज पहिल्यांदा लाखो पंप स्वतःहून सांगत आहेत की आम्ही इतकं पाणी काढलं. ते सांगणं कुठल्या तरी सर्व्हरवर जाऊन पडतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे १९७२ च्या दुष्काळापासून निरीक्षण विहिरींच्या नोंदी आहेत, वर्षातून चार वेळा मोजलेल्या. एका बाजूला पाण्याची पातळी, दुसऱ्या बाजूला उपसा. दोन्ही सरकारकडेच आहेत आणि दोघांची गाठ कुणी घालून दिलेली नाही.

ती आपण घालून द्यावी, एवढी माझी मागणी आहे. भूजल प्राधिकरण म्हणून महावितरणला लिहा की पंपांची ही माहिती दर महिन्याला गावनिहाय भूजल यंत्रणेला द्यावी. नावं नकोत. कुणाच्या पंपाने किती ओढलं हे चावडीवर लागलं तर भाऊबंदकीच्या भांडणांत आणखी एक भर पडेल. गावाचा एकूण आकडा पुरे. गावात गेल्या पावसाने मुरलं किती, दिवाळीपर्यंत निघालं किती, उरलं किती. अटल भूजल योजनेत राज्यातल्या १३ जिल्ह्यांतल्या गावांनी पाण्याचा ताळेबंद मांडून पाहिला आहे, त्यामुळे लोकांना हे समजणार नाही असं कुणी म्हणू नये. त्या ताळेबंदात खर्चाची बाजू अंदाजाची होती, आता ती खरी टाकता येईल. रब्बीच्या पेरणीआधी ग्रामसभेत हा आकडा वाचला गेला तर कुणी काय पेरायचं ते गाव ठरवेल. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत हे ग्रामसभेत ठरवून पाळून दाखवलं. पण प्रत्येक गावाला पोपटराव पवार मिळत नाहीत, आणि राज्याचं भूजल चांगला सरपंच निवडून येण्याच्या आशेवर सोडता येत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची आहे. माझा पंप विहिरीत पाणी नसतानाही उन्हात उभा असतो. वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस त्या पॅनेलची वीज वाया जाते. ती विकता आली असती तर मी पंप बंद ठेवला असता, अगदी खात्रीने. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये सौरपंपांची सहकारी संस्था केली आणि उरलेली वीज कंपनीला विकायला सुरुवात केली. २०१८ मध्ये त्या सरकारने सूर्यशक्ती किसान योजना आणली, पहिली सात वर्षं युनिटला सात रुपये. माझं गणित साधं आहे. तीन किलोवॅटची पॅनेल दिवसाला बारा युनिट देतात. दोनशे दिवस विकली तर २,४०० युनिट. तीन रुपये दर धरला तरी ७,२०० रुपये. रक्कम मोठी नाही. पण आज पंप बंद ठेवण्याचा मोबदला शून्य आहे, आणि कोरड्या बोअरच्या शेजारी नवं बोअर घ्यायला लाख-दीड लाख लागतात, तेही लागेल याची खात्री नाही. दर मात्र बरा हवा. शेजाऱ्याच्या उसाला पाणी विकून जास्त मिळत असेल तर माणूस पाणीच विकेल, वीज नाही.

जिथे खांबच नाही तिथे वीज विकायची कशी, हा प्रश्न बरोबर आहे. अशा ठिकाणी त्याच पॅनेलवर कडबाकुट्टी, पिठाची गिरणी, डाळीची छोटी गिरणी चालवता येते. तसा कंट्रोलर मिळतो. तो अनुदानात धरा. मला घरची डाळ घरी करून विकता आली तर उन्हाळी भुईमुगाच्या मागे मी लागणार नाही.

आणि पिण्याच्या पाण्याबद्दल माझी सौदेबाजीची तयारी नाही. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेता येत नाही, हे १९९३ च्या कायद्यापासून आहे. सौरपंप मंजूर करताना हे अंतर नकाशावर तपासायला पाच मिनिटं लागतात, कारण पंपाच्या जागेचे अक्षांश-रेखांश अर्जासोबत असतातच. केंद्राच्या कुसुम योजनेने डार्क झोनमध्ये नवे सौरपंप न देण्याची आणि जुना डिझेल पंप बदलताना ठिबक-तुषारची अट घातली होती. तीच अट पिण्याच्या स्रोताभोवती, गाव सुरक्षित असो वा नसो, लावायला हरकत काय?

नवे पंप बंद करा असं मी म्हणत नाही. मला मिळाला आणि आता दुसऱ्याचा अडवा, हे मला शोभणार नाही. पुढच्या रांगेत बहुतेक लहान शेतकरी आहेत, पाणी उशिरा मिळालेले. त्यांच्या विहिरी उथळ आहेत. पाणी खाली गेलं की आधी त्यांच्याच आटतात. आठशे फुटांवर मोटार सोडलेला त्या दिवशीही ओलीत करत असतो.

भूजल यंत्रणेची पुढची मोजणी मे महिन्यात होईल. त्याआधी निदान एका तालुक्यात, मांजरा खोऱ्यातल्या कुठल्याही, सौरपंपांचे आकडे आणि निरीक्षण विहिरींचे आकडे शेजारी शेजारी ठेवून प्रसिद्ध करावेत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवा निधी लागत नाही, मंत्रिमंडळाची बैठक लागत नाही. आपल्या कार्यालयातून महावितरणच्या कार्यालयाला एक पत्र जावं लागेल. तालुका निवडताना आमचा निवडलात तर माझ्या पंपाचे आकडे नावासकट लावायलाही माझी परवानगी आहे.

आपला,
मांजराकाठचा एक सौरपंपधारक शेतकरी